कोऱ्या पुड्या

काडी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती इतकी किडकिडीत होती की दादा म्हणायचा, हिला आडवी धरली तर कान कोरता येतील. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे अंग भरलं तरी सुटलं नाही. आता ती चोवीस वर्षांची होती, वजन ब्याऐंशी किलो, आणि आईने "काडी, इकडे ये गं" अशी हाक मारली की नवखा पाहुणा दाराकडे बघायचा, आता एखादी बारीकशी पोरगी येईल म्हणून. आणि यायची ही. पाहुणा हसू दाबायचा. आधी आधी तिला त्याचं वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं. नेमकं कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिलीत दवाखान्यांतून आलेले तोंडाचे ठसे, दुसरीत प्लॅस्टर आणि धूळ, तिसरीत लांब टेबलापाशी सहा स्टुलं. त्यातलं खिडकीजवळचं काडीचं. समोर साच्यात वरचा आणि खालचा जबडा बसवलेला, हाताशी मेण, बारीक चाकू आणि स्पिरिटचा दिवा. मेणात एकेक दात रोवायचा, जबडा मिटून बघायचा, चाव जुळला नाही तर काढून पुन्हा रोवायचा. सकाळी नऊला मान खाली गेली की ती संध्याकाळी सहाला वर यायची. मध्ये जेवण, तेही त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर, कागद पसरून.

तिथले म्हातारे मास्तर तीस वर्षं दात बसवत होते. ते म्हणायचे, "दात आणि सासू, दोन्ही बसायला वेळ लागतो. घाई केली की टोचतात." सगळे हसायचे. काडीही हसायची, कारण तेव्हा हसायचं असतं हे तिला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची पाळी सात महिने आली नव्हती. त्याआधीही ती लहरीपणाच करायची. तीन महिन्यांनी ये, पाच महिन्यांनी ये, आली की दहा दिवस जायचं नाव घेऊ नको. हनुवटीखाली राठ केस यायला लागले होते, आणि ते ती रोज सकाळी दार लावून काढायची. शेवटी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर बाई मध्यमवयीन, आवाज बसका, बोलणं तोडून. पोटावर गार चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं, पडद्यावरचे काळे ठिपके दाखवले, रक्त तपासलं आणि सांगितलं, पीसीओएस आहे. दर दहा मुलींमागे एकीला तरी असतं. शरीरातल्या संप्रेरकांचं गणित बिघडलंय, त्यात तुझा काही गुन्हा नाही. मात्र बैठं काम आहे, तर चालायला लाग. वेळेवर झोप, वेळेवर खा, गोड कमी कर. वजन थोडं जरी उतरलं तरी फरक पडतो.

आई सोबत होती. डॉक्टरांच्या या सगळ्या बोलण्यातलं आईने एकच वाक्य घरी आणलं: चालायला लाग.

"मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तेव्हा ऐकलं नाही," आई त्या दिवशी भांडी आपटत म्हणाली. "बसून खायचं आणि खाऊन बसायचं. शरीर काय, चार दिवस गप्प बसतं, मग उट्टं काढतंच."

त्या दिवसापासून काडीचं शरीर ही घरातली सामाईक वस्तू झाली. तिच्या ताटात किती भात पडला ते आई बघायची. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. "आली का गं?" असा प्रश्न आई स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात विचारायची आणि दादा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. मावशीचा फोन आला की पहिली पाच मिनिटं काडीचं वजन, मग बाकीचं जग. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. ते असते तर निदान विषय बदलला असता.

काडीने कशालाच विरोध केला नाही. दात काढताना सुई देतात ना, मग आपलाच गाल परक्याचा वाटतो, चावला तरी कळत नाही. तसं तिचं झालं होतं. फक्त हे गालापुरतं नव्हतं. मैत्रिणीचं लग्न ठरलं, तिने अभिनंदन केलं. मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाही, त्याचंही काही वाटलं नाही. रविवारी दुपारी ती पलंगावर पडून छताच्या कोपऱ्याकडे बघायची आणि बघता बघता संध्याकाळ व्हायची.

आणि मग होती वहिनी.

वहिनी तीन वर्षांपूर्वी दादाशी लग्न करून घरात आली. बारीक, गोरी, मानेची हाडं दिसतील इतकी सडपातळ. शाळेच्या कचेरीत टायपिंगचं काम करायची, म्हणजे तीही दिवसभर बसूनच, पण तिच्या अंगाला काही लागायचं नाही. आईला या सुनेचं फार कौतुक. "वहिनीकडे बघ जरा," हे वाक्य दिवसातून तीनदा तरी व्हायचं. वहिनीकडे बघ, कशी आवरते. वहिनीकडे बघ, एवढंसं खाते आणि ताजी टवटवीत असते. हे ऐकलं की वहिनी मान खाली घालून हातातलं काम जरा जोरात करायची. काडीला वाटायचं, लाजते.

सकाळी साडेपाचला आई काडीला उठवायची आणि तिच्यासोबत वहिनीला पाठवायची, राखण म्हणून. "ही कुठेतरी कट्ट्यावर बसून वेळ काढेल. तू असलीस म्हणजे चालेल तरी." दोघी पाण्याच्या टाकीला वळसा घालून जायच्या, मागच्या रस्त्याने गोदामांच्या भिंतीलगत परत यायच्या. चाळीस मिनिटं. फारसं बोलणं नाही. खरं सांगायचं तर चालण्याचा उपयोग झाला होता. रक्तातली साखर उतरली होती, तीन किलो कमी झाले होते. पण तीन किलो कुणाला दिसतात? आईला दिसले नाहीत, आणि काडीला त्याचा आनंद झाला नाही.

घरातली कामं वाटून घेतलेली होती. कचरा काडीकडे. दर शुक्रवारी सकाळी न्हाणीघरातली आणि स्वयंपाकघरातली पिशवी बांधून खाली मोठ्या डब्यात टाकायची. एका शुक्रवारी जिन्यातच न्हाणीघरातली पिशवी फाटली. कागदात गुंडाळलेल्या चार-पाच पुड्या घरंगळत खालच्या पायरीवर गेल्या. त्यातली एक उघडली. काडी ती उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

आत पॅड होतं. कोरं. नुकतंच पाकिटातून काढल्यासारखं पांढरंशुभ्र, फक्त मागचा कागद सोलून ते दुमडलेलं.

तिने दुसरी पुडी उघडली. तेही कोरं. तिसरी, चौथी, तशीच.

आईची पाळी कधीच बंद झाली होती. काडीची चार महिने आली नव्हती. उरली वहिनी. काडीने सगळं गोळा केलं, नव्या पिशवीत घातलं, डब्यात टाकलं आणि कामावर गेली. त्या दिवशी तिने वरचे सहा दात तीन वेळा बसवले आणि तीनही वेळा ते चुकले. मास्तर म्हणाले, "काय गं, आज जबडा तिरळा झालाय का तू?" तिने मेण पुन्हा वितळवलं.

पुढच्या महिन्यात तिने मुद्दाम बघितलं. पुन्हा पाच पुड्या. पाचही कोऱ्या. आणि त्या पाच दिवसांत वहिनी घरात पोटाला हात लावून फिरत होती, "जरा दुखतंय" म्हणत होती. आईने तिला गरम पाण्याची पिशवी करून दिली होती.

बोलावं असं काडीला वाटलं नाही. झाकली मूठ कुणाचीही असो, आपण कशाला उघडायची? शिवाय विचारायचं तर शब्द शोधावे लागले असते, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

एका सकाळी टाकीपाशी वहिनीनेच विषय काढला. समोर बघतच म्हणाली, "काडी, तुला त्या दहा दिवसांच्या गोळ्या देतात ना, पाळी यायच्या. त्या संपल्यावर किती दिवसांनी येते?"

"चार. कधी आठवडा."

"मध्ये कितीही महिने गेले असले तरी?"

"माझी तरी येते."

"बरं," वहिनी म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर उगीचच, "शाळेत एकजण विचारत होती."

काडी "हं" म्हणाली. डॉक्टरांनी तिला त्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या दिल्या होत्या. पाळी लांबली की एक पट्टी घ्यायची, अशा बेताने. त्या तिच्या कपाटातल्या खणात असायच्या. दोन आठवड्यांनी तिने खण उघडला तेव्हा तिथे दोनच होत्या. तिने खण रिकामा करून बघितला, पलंगाखाली बघितलं. मग दोन पट्ट्या परत ठेवल्या आणि खण लावला.

नंतर या गोष्टीचा तिने पुष्कळ विचार केला. तेव्हाच बोलले असते तर, असा. पण तेव्हा ती बोलली नाही, हे खरं.

त्यानंतर पंधराएक दिवस गेले असतील. वहिनीचा चेहरा कागदासारखा दिसायला लागला होता. आई म्हणाली, शाळेत परीक्षांचं काम फार आहे वाटतं. त्या सकाळी दोघी गोदामांच्या रस्त्याला लागल्या आणि वहिनी एकदम मागे पडली. काडीने वळून पाहिलं तर ती भिंतीला एक हात लावून उभी होती, आणि बघता बघता भिंतीवरून घसरत खाली बसली.

"काही नाही," ती म्हणाली. "चक्कर आली. तू जा पुढे."

तिची फिकी सलवार मांड्यांपर्यंत भिजून लाल झाली होती. खालच्या फरशीवरही डाग होता.

काडीने अंगातला स्वेटर काढला. वहिनीच्या काखेत हात घालून तिला उभी केली. ती इतकी हलकी होती की काडी क्षणभर दचकली. स्वेटरच्या बाह्या तिच्या कमरेला बांधल्या.

"किती दिवस?"

"अकरा."

"अकरा दिवस असं?"

"आधी एवढं नव्हतं. काल रात्रीपासून." वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. "घरी नको. काडी, तुझी शपथ, घरी नको नेऊस."

डॉक्टर बाईंचा दवाखाना तिथून दोन गल्ल्या पुढे होता. काडीने वहिनीचा हात स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि चालायला लागली. वाटेत एक दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. दवाखाना बंद होता, पण डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहायच्या. काडीने घंटीवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. वरून आवाज आला, "येते, येते, जळेल ती घंटी." तेवढ्या वेळात दोघी पायरीवर बसल्या. वहिनीचं डोकं काडीच्या दंडावर होतं.

"पट्टी मी घेतली," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि ते..."

"पॅड. तेही माहीत आहे."

वहिनीने दंडावरचं डोकं उचललं. मग हळूहळू बोलायला लागली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिची पाळी पन्नास दिवस लांबली होती. तशी ती आधीपासूनच लांबायची, माहेरीही, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. बारीक मुलींची अशीच असते, म्हणायचे. इथे मात्र आईने दिवस मोजले. कुणाला न सांगता लोकर आणली आणि आठवडाभरात बाळाचं टोपडं विणलं, पिवळं. मावशीला फोन गेला. दादाने तिला बादली उचलू दिली नाही. आणि एक्कावन्नाव्या दिवशी पाळी आली.

"आई काही बोलल्या नाहीत गं," वहिनी म्हणाली. "एक शब्द नाही. टोपडं कपाटात ठेवलं आणि जेवायला वाढलं. ते वाढताना त्यांचा चेहरा बघितला ना, तेव्हाच ठरवलं, यांना पुन्हा दिवस मोजू द्यायचे नाहीत. दर महिन्याला, बरोबर तारखेला, माझी यायची म्हणजे यायची."

"दादाला?"

"त्यालाही नाही." ती डोळे मिटून म्हणाली, "तुझं बघत होते ना मी. घरभर कसं झालं होतं तुझं. म्हटलं, आपल्याला नको."

 तेवढ्यात आतून कडी निघाली.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी वहिनीला आत आडवी केली. सुई, तपासणी, रक्त. गर्भ नव्हता. रक्तस्राव थांबवायची औषधं दिली, एक बाटली सलाइन लावली, आणि थांबल्यावर पोटावर मशीन फिरवलं. पडदा काडीला दिसत होता. काळे ठिपके तिच्या ओळखीचे होते.

"हिलाही?" काडीने विचारलं. "पण ही तर..."

"बारीक आहे. बरोबर," डॉक्टर हात पुसत म्हणाल्या. "बारीक मुलींनाही होतं. त्यांचं उशिरा कळतं, कारण कुणी विचारत नाही." मग वहिनीकडे वळल्या. "दुसरीचा चष्मा घालशील का? मग दुसरीच्या गोळ्या कशा घेतल्यास? महिनोन् महिने गर्भाशयाचं अस्तर साचून राहतं, आणि मग असं सुटतं. पोटात गर्भ असता म्हणजे? रक्त निम्म्यावर आलंय तुझं. पण ऐक, हे सांभाळता येतं. मूल हवं असेल तर त्यालाही उपाय आहेत. नवऱ्याला घेऊन ये. तो आला नाही तर मी त्याला बोलावीन."

वहिनी रडायला लागली, आवाज न करता. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग त्या टेबलाशी बसल्या, कागद ओढला आणि काडीकडे न बघताच म्हणाल्या, "आणि तू? तू कशी आहेस?"

"बरी आहे. तीन किलो कमी झालं."

"ते काटा सांगेल. तू कशी आहेस?"

 "काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे काही होत नाही. काही वाटत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही. वर्ष. जास्त."

"झोप?"

"पडून असते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी दोन वर्षं तुझी साखर विचारली आणि हे विचारलं नाही, ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "या आजारात हेही होतं. पुष्कळ जणींना होतं. तो आळस नाही आणि नखराही नाही." त्यांनी चिठ्ठीवर एक पत्ता लिहिला. मनाच्या डॉक्टरांचा. "बुधवारी बसतात त्या. जा. फेऱ्या मारतेस तशीच ही फेरी समज."

काडीने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. जाईन असंही तिला वाटलं नाही, जाणार नाही असंही नाही.

दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. निरोप मिळाल्यावर तो दहा वाजता कामाच्याच कपड्यांत, हाताला ग्रीस तसंच, दवाखान्यात आला. वहिनीने त्याला आत सगळं सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. काडीशेजारी बाकावर बसला.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी मला काही विचारतोस का?" काडी म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं नाही, त्याला माहिती द्यावी तसं म्हटलं. दादा हातावरचं ग्रीस खरवडत राहिला. मग आत जाऊन वहिनीच्या चपला हातात घेऊन आला आणि तिच्या पायात घातल्या.

दुपारी तिघं घरी आले. आईला फोनवर अर्धं कळलं होतं, बाकीचं दादाने दारातच सांगितलं. आईने वहिनीला बघितलं आणि तिचा बांध फुटला. तिला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला. "माझी गुणाची पोर ती. एवढं सोसत राहिलीस, एकटीने! मला सांगायचं नाही का गं? मी काय वाघ आहे? खाल्लं असतं का मी तुला?" पदराने डोळे पुसत तिने वहिनीला पलंगावर निजवलं, उशा लावल्या, पायावर पांघरूण घातलं. "काय मेलं नशीब तरी. हिने काय पाप केलं होतं? नीट खाते, नीट राहते. हिच्या वाट्याला कशाला यावं?" मग सूप करायला गेली आणि तिथूनही तिचं हुंदके देणं ऐकू येत राहिलं.

काडी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या उजव्या हातावर वहिनीचं रक्त वाळलं होतं, ते अजून धुतलं नव्हतं. आई भांडं ढवळत होती, नाक ओढत होती.

"आई," काडी म्हणाली, "मला झालं तेव्हा तू रडली नव्हतीस."

आईचा हात थांबला. "आता हे काय मध्येच?"

"एकच आजार आहे. तेच ठिपके. मी बघितले पडद्यावर. मला झालं तेव्हा तू भांडी आपटलीस. तिला झालं तर नशीब."

"अगं तिची गोष्ट वेगळी..."

"काय वेगळी? सांग ना. काय वेगळी आहे?"

तिचा आवाज चढला होता. इतका, की आतल्या खोलीत दादा आणि वहिनी बोलायचे थांबले. काडीला स्वतःलाच तो आवाज अनोळखी वाटला. कान गरम झाले होते. 

आईने गॅस बारीक केला. पुन्हा मोठा केला. मग मागे न वळता म्हणाली, "तुला ओरडलं की तू ऐकशील असं वाटायचं मला. तू रडलीही नाहीस कधी. मला वाटलं, हिला काही लागतच नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," काडी म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

दोन दिवस आई तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण फक्त कामापुरतं. ताटात डोकावणं थांबलं. ते समजूतदारपणाने थांबलं की रुसव्याने, कुणास ठाऊक. "आली का गं?" हा प्रश्नही थांबला. मावशीचा फोन आला तेव्हा आई बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिली आणि मग म्हणाली, "तू तुझ्या गुडघ्यांचं सांग." वहिनीची औषधं सुरू झाली. तिच्या तोंडावर थोडा रंग आला. ती आणि दादा डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले. मूल होईल का, कधी होईल, ते काही सांगता येत नव्हतं, पण निदान आता दोघं मिळून वाट बघत होती. वहिनीच्या जागी सकाळी कधी दादा काडीबरोबर यायचा, आणि वळशाच्या निम्म्यातच धापा टाकायचा.

पहिला बुधवार काडीने जाऊ दिला. दुसराही. तिसऱ्या बुधवारी दुपारी तिने मास्तरांना सांगितलं, मला आज चारला निघायचंय. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं नाही का?"

"नाही," काडी म्हणाली. सहज तोंडातून गेलं ते. आजवर ती या प्रश्नाला "बरंय" म्हणायची.

"मग जा की. तो जबडा उद्यापर्यंत कुठे पळतोय?"

मनाच्या डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला जाड पडदा. डॉक्टर काडीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी वजन विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "इथे यायचं कसं ठरलं?" काडीला वाटलं, दोन वाक्यांत संपेल. ती गोदामांच्या भिंतीपासून सांगायला लागली, मग तिथून मागे गेली, मग आणखी मागे. सूप ढवळणाऱ्या आईपाशी आली तेव्हा तिचा आवाज पुन्हा चढला. ती थांबली. "सॉरी," म्हणाली.

"कशाबद्दल?" डॉक्टरांनी विचारलं.

 काडी टेबलाच्या कडेकडे बघत बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. निघताना पुढच्या बुधवारची वेळ ठरली, आणि काही औषध लागेल का ते तेव्हा बघू, असं डॉक्टर म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कचेऱ्या सुटल्या होत्या. माणसं, सायकली, हॉर्न. बाकी सगळं सकाळी होतं तसंच होतं. हलकं वाटलं वगैरे काही नाही. पण चौकातल्या बेकरीसमोरून जाताना तिला एकाएकी भूक लागली. पोटात खड्डा पडावा अशी, सरळ भूक. वेळ झाली म्हणून खायचं, ताटात पडलं म्हणून खायचं, किंवा समोर आहे म्हणून संपवायचं, यातलं ते काही नव्हतं. तिने एक अंड्याचं सँडविच घेतलं आणि दुकानाबाहेरच उभी राहून खायला लागली. ब्रेड ताजा होता. मिरी जरा जास्त होती, जिभेला झोंबली.

बेकरीच्या पायरीवर दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. त्यातल्या एकीने काडीकडे बघितलं आणि दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. काडीने ते पाहिलं. तिने उरलेला घास तोंडात घातला, नीट चावला, बोटांवरचा चुरा झटकला, आणि मग रस्ता ओलांडला.